शूई आहेत ना?

मी संशयी आहे, हे मला कुणी नव्याने सांगायला नको. रॅस्मी, माझा नवरा, म्हणायचा, "ओस्ला, तू गाईचं दूध काढताना गाईलासुद्धा विचारशील, हे तुझंच ना?" म्हणू दे. सतरा घरांच्या बेटावर डोळे उघडे ठेवले नाहीत तर माणसाच्या अंगावरचं लोकरीचं बनियनसुद्धा जाईल.

पण त्या उन्हाळ्यात मी जे केलं ते सांगते. माझ्या तोंडून ऐका, कारण शेजारच्या जेमिनाच्या तोंडून ऐकलंत तर ती स्वतःला त्यातून सफाईने वगळेल.

दूर उत्तरेच्या समुद्रातल्या आमच्या हेल्सा बेटावर डोंगर एकच. सगळ्या घरांच्या मेंढ्या तिथे एकत्र चरतात. कुंपण नाही, मेंढपाळ नाही. कुणाची कुठली हे कानावरून कळतं. प्रत्येक घराची कानाची खूण वेगळी. कोकरांना ती जुलैत, खुणांच्या दिवशी, घालतात. रॅस्मीची खूण, जी आता माझी, म्हणजे उजव्या कानाचा शेंडा छाटलेला आणि डावा कान मधोमध चिरलेला. त्याच्या धाकट्या भावाची, गिबीची, खूणही तीच, फक्त डाव्या कानाला मागच्या बाजूने एक खाच जास्त. भावाभावांच्या खुणा आमच्याकडे अशाच असतात, एका खाचेच्या अंतराने. म्हणजे माझं कोकरू गिबीचं करायचं म्हटलं तर चाकूचा एक बारीक काप पुरे. गिबीचं माझं करायचं म्हटलं तर मात्र उपाय नाही. कापलेला कान कुणाच्या बापाला जोडता येत नाही.

सगळ्या खुणा मॅन्सीच्या वहीत आहेत. मॅन्सी ऐंशीचा, बेटावरचा सगळ्यात म्हातारा माणूस, मला साठाव्या वर्षीही 'पोरी' म्हणतो. मेंढीचोरी सिद्ध झाली तर तो वहीतली खूण खोडतो आणि त्या घराच्या मेंढ्या डोंगरावरून कायमच्या खाली येतात. माझ्या आजोबांच्या वेळी असं एकदा झालं. ते घर पुढच्या बोटीने बेट सोडून गेलं. आता त्यांच्या चुलीत गवत वाढतं.

डोंगरावर आमच्याशिवाय आणखी दोघांची वस्ती. बाँक्सी आणि शूई. दोन्ही समुद्रावरचे पक्षी, दोन्ही चोर, आणि दिसायला चुलत भावंडं. पण बाहेरगावचा माणूस दोघांना एकच समजला की आम्हाला हसू येतं. बाँक्सी म्हणजे दरोडेखोर. अंगाने थोराड, मळकट तपकिरी, पंख उघडले की पांढरा डाग. नवीन कोकरू आईपासून दोन पावलं लांब गेलं की आधी डोळा फोडते, मग जीभ तोडते. तुम्ही तिच्या घरट्याकडे गेलात तर समोरून सरळ डोक्यावर येते. म्हणून आम्ही डोंगरावर काठी डोक्याच्या वर उभी धरून चालतो. बाँक्सी जे सगळ्यात उंच असेल त्यावर आपटते. काठीवर आपटू दे, टाळक्यावर नको.

शूई मात्र खिसेकापू. सडपातळ, चपळ, शेपटीतून दोन टोकदार पिसं बाहेर आलेली. सुरय पक्ष्याच्या मागे लागून त्याला इतकं भंडावते की तो बिचारा चोचीतला मासा टाकून देतो. घरट्याजवळ गेलात तर एखादी टप्पल मारेल, आणि मग पायाशी येऊन पंख मोडल्याचं असं नाटक करेल की बघत राहावं. लंगडत, फडफडत तुम्हाला लांब नेते, आणि मग टुणकन उडून जाते. शूईसाठी कुणी काठी उचलत नाही. माझी जोडी तर आणखी वेगळी, एक काळी आणि एक पांढऱ्या पोटाची. दरवर्षी मे महिन्यात यायची आणि पीट, म्हणजे चुलीत जाळायची दलदलीची माती, खणायच्या रॅस्मीच्या जागेवरच बसायची.

शूईचा एक मोठा गुण आहे. आपल्या जागेत ती बाँक्सीला पाय ठेवू देत नाही. आकाराने अर्धी, पण दोघी मिळून त्या धटिंगणाला समुद्रापर्यंत पिटाळतात. रॅस्मी देवमासे मारणाऱ्या बोटीवर दक्षिणेला जायला निघाला तेव्हा दगडी गडग्यावर हात ठेवून म्हणाला होता, "शूई आहेत तोवर आपल्या बाजूच्या कोकरांची काळजी करू नकोस." तो तिकडून आला नाही. दक्षिण जॉर्जिया बेटावरच्या बर्फाळ दफनभूमीत आहे. शेवटच्या पत्रात त्याने लिहिलं होतं की तिथेही बाँक्सीचा सख्खा भाऊ शोभावा असा पक्षी आहे, आणि तो माणसाच्या पायात पायात फिरतो. ते वाचल्यापासून मला बाँक्सी डोळ्यांसमोर नको होत्या. आणि शूई हव्या होत्या. त्याचं कारण तुम्हाला कळलंच असेल, मला ते बोलून दाखवता येत नाही.

तर त्या वर्षी मेअखेरीस माझा गुडघा गेला. त्याआधी मी माझी कोकरं मोजली होती. अकरा. त्यानंतर डोंगर चढणं बंद. गिबीचं घर गडग्यापलीकडे, एकटा माणूस, बोलणं इतकं कमी की बोटीवर त्याला 'अंडं' म्हणायचे. तो रोज वर जायचा. संध्याकाळी मी गडग्याशी उभी राहून विचारायची, "शूई आहेत ना?"

सुरुवातीला तो सांगायचा, "आहेत. काळीने आज माझी टोपी उडवली." किंवा, "आहेत. अंडी दोन." मी खूश. त्याला घरी भाजलेला बॅनक, आमची जाड भाकरी, द्यायची.

जून सुरू झाला आणि उत्तर आखडलं. "आहेत." एवढंच. आणि तेही माझ्याकडे नाही, स्वतःच्या गमबुटांकडे बघून.

माणूस खोटं बोलतो तेव्हा मला कळतं. त्यात माझी चूक झाली नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. गिबी खोटंच बोलत होता.

पाणी कुठेतरी मुरतंय म्हणून मी रॅस्मीची दुर्बीण काढली आणि खिडकीत बसले. तिसऱ्या दिवशी दिसला. रॅस्मीच्या जागेवर, माझ्या कोकरांच्या मधोमध, काठी उगारून. मग वाकला. मग काहीतरी पोत्यात घातलं. पोतं खांद्यावर मारून आमच्या बाजूने खाली न येता पलीकडच्या कड्याकडे उतरला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. त्यापुढच्या आठवड्यात पुन्हा.

जेमिना चहाला आली तेव्हा मी तिच्या हातात दुर्बीण दिली. न देते तर बरं झालं असतं. जेमिनाच्या जिभेला हाड नाही.

"अगं बाई! काठी कशी उगारलीये बघ," ती म्हणाली.

"तेच म्हणते मी. शूईंना काठी कशाला?"

"शूईंना नाही गं, कोकरांना. हुसकून पोत्यात घालत असेल. पलीकडे त्या खोल घळीत ठेवतो, तिकडे कोण बघायला जातंय? खुणांच्या दिवशी आणायची खाली, घालायची आपली खूण. आणि तुमच्या खुणांत फरक केवढा? नखाएवढा!"

"गिबी तसा नाही."

"कोण तसा असतो? आधी सगळे तसे नसतातच." तिने बिस्कीट चहात बुडवलं. "तू तरुणपणी रॅस्मीशी लग्न केलंस ते त्याच्या मनाला लागलं होतं, असं माझी आई म्हणायची."

ते मला माहीत नव्हतं. पण एकदा ऐकल्यावर मागचं सगळं त्याच रंगात दिसायला लागलं. त्याने दोन वर्षांपूर्वी माझं छप्पर शाकारून दिलं होतं, तेही मला संशयास्पद वाटलं. काय बघत होता वर चढून?

त्या संध्याकाळी मी मुद्दाम विचारलं, "शूई आहेत ना रे?"

"आहेत."

"दोन्ही?"

"दोन्ही," तो म्हणाला, आणि आत गेला. बॅनक गडग्यावरच राहिला. मी तो कोंबड्यांना घातला.

जुलैत खुणांचा दिवस आला. त्या दिवशी सगळं बेट डोंगरावर ओळ धरतं, मेंढ्या हाकत हाकत दगडी मेंढवाड्यात आणतं. मी लंगडत खाली दारापाशी उभी होते. माझ्या मेंढ्या आत आल्या. मागे कोकरं मोजली. सहा. पुन्हा मोजली. सहाच. पाच गायब.

"मॅन्सी, माझी पाच नाहीत," मी म्हटलं.

"बघू, पोरी. दिवस लांब आहे."

मी नजर गिबीवरून हलवली नाही. तो मेंढवाड्याच्या लांबच्या कोपऱ्यात पाठ करून बसला होता. कोकरू मांडीत धरायचा, कान कापायचा, सोडायचा. इतरांसारखा हसत-बोलत नव्हता. भिंतीचा आधार घेत मी मागून गेले. त्याच्या मांडीत चौथं कोकरू होतं. उजवा कान शेंड्याला छाटलेला, डावा चिरलेला. रक्त ताजं. खाच नव्हती. कोकराच्या कानांवर माझी खूण होती आणि गिबीच्या हातात उघडा चाकू होता. आता तो खाच मारणार. माझ्या डोळ्यांसमोर!

मी त्याचं मनगट धरलं आणि ओरडले, "चोर! सख्ख्या भावाच्या बायकोची कोकरं चोरतोस? लाज नाही वाटत मेल्या?"

'चोर' हा शब्द आमच्याकडे कुणी भांडणातही काढत नाही. गिबीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्याला अनोळखी माणसाने रस्त्यात थोबाडीत मारावी, तसं.

मॅन्सी काठी टेकत आला. "ओस्ला, शब्द मोठा आहे. मागे घेतेस?"

"घेत नाही. हे बघ कान! माझी खूण आहे, आणि हा वर खाच मारायला बसलाय. हाताच्या काकणाला आरसा कशाला?"

"कान नंतर बघू. आधी कोकरू सोड," मॅन्सी गिबीला म्हणाला. "कोकरू खोटं बोलत नाही."

गिबीने हात उघडले. कोकरू धडपडत उठलं, बें बें करत गर्दीत घुसलं आणि एका राखाडी मेंढीच्या पोटाखाली शिरून ढुसण्या देत प्यायला लागलं. मॅन्सीने त्या मेंढीचा डावा कान दोन बोटांत धरला. मागच्या बाजूला खाच होती. मेंढी गिबीची.

"आता आधी सोडलेली तीन आणा," मॅन्सी म्हणाला.

तिन्ही आणली. तिघांच्या कानांवर माझी खूण, खाच एकालाही नाही. सोडली तशी तिन्ही गिबीच्या मेंढ्यांकडे पळाली.

"चोर स्वतःची कोकरं दुसऱ्याची खूण घालून सोडतो का गं, पोरी?"

मी जेमिनाकडे पाहिलं. ती आपल्या मेंढीची लोकर तपासत होती.

"गिबी," मॅन्सीने विचारलं, "तू तिला कोकरं का देत होतास?"

गिबी मॅन्सीशीच बोलला, माझ्याशी नाही. आयुष्यात त्याला मी एवढं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. "तिची पाच गेली. बाँक्सींनी खाल्ली. शूई राहिल्या नाहीत, मॅन्सी. जूनच्या पहिल्याच आठवड्यात काळी मेली, मग दुसरी. आता तिथे बाँक्सींची सहा जोडपी आहेत. मेलेली कोकरं मी कड्यावरून समुद्रात टाकायचो, नाहीतर वासाने आणखी येतात. रोज विचारायची, शूई आहेत ना. मला 'नाही' म्हणता आलं नाही." मग त्याने चाकू मिटून मॅन्सीच्या हातात ठेवला. "माझी खूण खोड. चोर म्हणवून घेतल्यावर कुणाच्या कानात ती घालणार मी?"

आणि तो गेला. त्याची बाकीची कोकरं बिनखुणेची मेंढवाड्यात राहिली.

"वही मी संध्याकाळी उघडेन. तोवर एकही मेंढी सोडायची नाही," मॅन्सी म्हणाला.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई तिथेच जमिनीत गाडून घेईल. नाही. मी काय केलं ते ऐका. मला अजूनही खरं वाटेना. मनात म्हटलं, चार कोकरं देऊन पाच लपवली असतील. शूई नाहीत म्हणे! रॅस्मीच्या शूई? त्या असणारच, आणि त्या असल्या की गिबी खोटा. मी गुडघ्याला फडकं आवळलं आणि डोंगर चढायला लागले. काठी घेतली नाही. शूईंच्या जागेत मी कधीच काठी नेली नव्हती, आणि त्या दिवशी नेणं म्हणजे गिबीचं खरं मानणं झालं असतं.

चढायला दोन तास लागले. रॅस्मीची जागा दिसली तेव्हा वर शांत होतं. मी हाक मारली, दरवर्षी मारायची तशी. वाट पाहिली की कुणीतरी पायाशी येऊन मोडक्या पंखाचं नाटक करेल. आता येईल, मग मी हसेन, मग खाली जाऊन मॅन्सीला सांगेन.

ती समोरून आली. आधी मला फक्त पंखांवरचे दोन पांढरे डाग दिसले. मग डोक्यात दगड बसावा तसा तडाखा. मी गुडघ्यावर कोसळले. रुमाल उडाला, कपाळावरून गरम ओघळ आला. उठते तोवर मागून दुसरी. कुठलंही नाटक नाही, लंगडणं नाही. बाँक्सीला नाटक करायची गरजच काय?

आणि मग मला ती दुर्बीण आठवली. डोक्याच्या वर उभी धरलेली काठी. उगारलेली नाही, धरलेली! आमच्याकडचं पाच वर्षांचं पोरही लांबून ती काठी बघून सांगेल की तिथे बाँक्सी आहे. मी साठ वर्षं या डोंगराखाली काढली, ती काठी माझ्या डोळ्यांनी पाहिली, आणि मला तिच्यात मारणारा माणूस दिसला. तो रोज तिथे उभा राहून माझी उरलेली सहा राखत होता.

मी सरपटत पीट खणलेल्या खड्ड्याच्या कडेला गेले. कडेखाली, रॅस्मी जेवणाचा डबा ठेवायचा त्या कोनाड्यात, चार चपट्या दगडांखाली पंख होते. बाँक्सी खाताना पंख तेवढे सोडते. एक जोडी काळी, एक फिकट. पावसाने भिजू नयेत म्हणून खाली वाळकं गवत घातलेलं. गिबीने मला सांगितलं नाही, पण टाकूनही दिले नाहीत. मी तिथे बसून रडले. किती वेळ ते माहीत नाही. बाँक्सी वरून जात राहिल्या.

मेंढवाड्याशी परतले तेव्हा सगळे तिथेच होते, पीटच्या शेकोटीवर चहा चालला होता. माझं तोंड बघून जेमिना किंचाळली.

"काठी नव्हती का?" मॅन्सीने विचारलं.

"नव्हती," मी म्हटलं. "गिबीचा चाकू दे."

त्याने दिला. मी मेंढवाड्यात उतरले आणि ती चार कोकरं एकेक करून मांडीत घेतली. डावा कान, मागची बाजू. जी खाच गिबी घालतोय म्हणून मी गाव गोळा केलं, ती खाच मी माझ्या हाताने घातली. चार वेळा. पहिल्या कोकराचा कान मॅन्सीने धरून दिला. मग गिबीची बाकीची कोकरं घेतली, प्रत्येकाला पूर्ण खूण. शेवटी माझी सहा.

"शब्द मागे घेते," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "चोर तो नव्हता. चोरी माझ्या डोक्यात होती."

मॅन्सीने वही उघडली, पान पाहिलं, आणि काही न खोडता मिटली. "वहीचं झालं, पोरी," तो म्हणाला. "माणसाचं तुझं तू बघ."

मी चाकू धुऊन, पुसून गडग्यावर ठेवला. पहिल्या दिवशी तो तिथेच होता. दुसऱ्या दिवशीही. गिबीच्या धुराड्यातून धूर निघायचा, पण गिबी गडग्याकडे फिरकायचा नाही. मी बॅनक भाजून ठेवला, तो कुरव पक्ष्यांनी नेला. तिसऱ्या दिवशी पाऊस आला, तेव्हा मी चाकूवर एक पालथी वाटी घातली.

चौथ्या संध्याकाळी तो आला. वाटी उचलली, चाकू उघडून पातं पाहिलं, खिशात टाकला. तीन दिवस मी माफी घोकली होती. जे रोज विचारायची तेच बाहेर पडलं.

"शूई आहेत ना?"

या वेळी त्याने गमबुटांकडे पाहिलं नाही. माझ्या कपाळावरच्या जखमेकडे पाहिलं, मग सरळ डोळ्यांत.

"नाहीत," तो म्हणाला.

खरं उत्तर हवं होतं ना मला? मिळालं. ते ऐकून मला कळलं की महिनाभर हा माणूस माझ्यासाठी काय उचलून चालत होता, आणि आता त्याने ते खाली ठेवलं होतं.

तो घरात गेला. थोड्या वेळाने तो परत आला, त्याची ती लांब काठी घेऊन. गडग्यावरून ती त्याने माझ्या बाजूला टेकवून ठेवली.

"गुडघा बरा झाला की सकाळची पाळी तुझी," तो म्हणाला. "डोक्याच्या वर धर. सहा उरलीत."

मी काठी घेतली.